हिरव्या पानाचं घर

काकूंनी फ्रीजचं दार उघडलं आणि आतून गार हवेऐवजी डांबराच्या गोळ्यांचा वास आला. वरच्या कप्प्यात प्लास्टिकच्या पिशव्यांत घड्या घातलेल्या साड्या होत्या. मधल्या कप्प्यात स्टीलचे डबे, खोक्यातूनही न काढलेले. भाजीच्या खणात नव्या उशांचे अभ्रे. आतला दिवा लागला नाही, कारण फ्रीजची वायर गुंडाळून, तिला रबर लावून ती वर क्रोशाच्या रुमालावर ठेवलेली होती.

"बिघडलाय का?" मी विचारलं.

"बिघडतोय कशाला? चांगला हाय. लावलेला नाय फक्त."

"मग वापरत का नाही?"

"उंदीर लय झालेत, ताई. ह्यात काय शिरत नाय."

माझ्याजवळच्या विजेच्या पाहणीच्या प्रश्नांत फ्रीज आहे का आणि असल्यास दिवसातून किती वेळ चालू असतो, एवढंच विचारलेलं होतं. मी 'आहे' असं लिहिलं आणि पुढे शून्य मांडलं. संध्याकाळी पाहणीचं काम बघणाऱ्या सरांचा फोन आला, "तुमच्याकडून काहीतरी चूक झालीय. फ्रीज असून शून्य कसं?" मी साड्यांचं सांगितलं. ते म्हणाले, "मग ते कपाट धरायचं की फ्रीज?"

मी भिसेगावात राहते. पुष्कळ वर्षं मी घरीच आठवी ते दहावीच्या मुलांच्या विज्ञानाच्या शिकवण्या घेतल्या. मग स्टेशनजवळ मोठे क्लास निघाले, मुलं मोबाईलवर शिकू लागली आणि माझ्या बाहेरच्या खोलीतल्या सतरंज्या गुंडाळल्या त्या गुंडाळल्याच. त्याच सुमारास ओळखीच्या एका बाईंनी सांगितलं की एक संस्था घरातल्या विजेचा अभ्यास करणार आहे. लोक वीज कशी वापरतात आणि ती कमी वापरायची सवय त्यांना कशी लागेल, हे त्यांना बघायचं होतं. कर्जत आणि खालापूर तालुक्यांतली काही गावं घेतली होती. त्यांना बायकाच हव्या होत्या, कारण बाईमाणसाला थेट स्वयंपाकघरापर्यंत जाता येतं.

मला वाटलं, हे तर माझंच काम. विजेचा धडा मी इतक्या वेळा शिकवला होता की झोपेतही सांगितला असता. आमचे सर पुण्याहून यायचे. वयानं माझ्याहून बरेच लहान, बोलायला मऊ. कर्जतच्या एका हॉलमध्ये त्यांनी आम्हाला शिकवलं. त्यांचं एक म्हणणं माझ्या डोक्यात पक्कं बसलं. माणूस माहिती नाही म्हणून वीज वाया घालवतो असं नाही. शेजारी काय करतोय ते दिसलं की तो बदलतो.

काकूंचं गाव खालापूरच्या अलीकडे. रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज शेतापर्यंत येतो, पण गाव रस्त्यापासून आत आहे. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांनी दुमजली घरं बांधली, वर टाइल्स लावल्या, एसी बसवले. ज्यांच्या राहिल्या ते अजून भात लावतात आणि घरातलं एखादं माणूस कंपनीत जातं. काकूंचं घर दुसऱ्या प्रकारातलं. काका माथेरानला एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात कामाला, हंगाम संपला की खाली यायचे. मुलगी औषधांच्या एका कंपनीत पॅकिंगला. सकाळी कंपनीची बस येऊन घेऊन जायची आणि संध्याकाळी सोडायची.

पहिल्या दिवशी मला गावात कोणी उभं करेना. मीटरच्या पेटीकडे बघत मी जरा थांबले की मागून हाक यायची.

"ओ बाई, स्मार्ट मीटर लावायला आलात काय? आमाला नको."

"मी मीटरवाली नाही हो."

"मग पेटीत काय बघताय?"

एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत माझ्यामागून घरोघर फिरले आणि मी तोंड उघडायच्या आत प्रत्येकाला 'सही करू नको' म्हणून बजावत गेले. ऊन डोक्यावर आलं होतं. तेव्हा काकूंनी ओट्यावरून आवाज दिला, "येऊ द्या की तिला! ऊन बघा केवढं हाय. पाणी तरी पिऊ द्या." त्यांच्या घरात मी शिरले म्हणून मग बाकीच्यांनीही घेतलं. हे मी कधी विसरले नाही, आणि पुढे जे झालं त्यात माझा पाय अडकला तो यामुळेच.

आमच्याबरोबरच्या इलेक्ट्रिशियननं प्रत्येक घराच्या पेटीत एक छोटं मोजणीयंत्र बसवलं. घरात किती वीज चाललीय याची रेघ माझ्या मोबाईलवर दिसायची. दुमजली घरांच्या रेघा दुपारी आणि संध्याकाळी उभ्या चढायच्या. काकूंच्या घराची रेघ जमिनीला चिकटलेली. आंघोळीचं पाणी मागच्या चुलीवर तापायचं, वाटण पाट्यावर व्हायचं, आणि दुपारचं ऊन काकू ओट्याच्या सावलीत काढायच्या. मुलीच्या खोलीतला पंखा आणि संध्याकाळची मालिका, एवढंच काय ते.

दुसऱ्या फेरीत आम्ही सल्ले द्यायचो. चार्जर बोर्डावर लावून ठेवू नका. एसी सव्वीसवर ठेवा. फ्रीज भिंतीला चिकटवू नका, मागे हवा खेळू द्या. काकूंना यातलं काय सांगायचं ते मला कळेना. मी नुसती चहा पीत बसले. त्यांनीच मला विचारलं, "तुमच्याकडं काय काय हाय?"

मी सांगायला लागले. फ्रीज, वॉशिंग मशीन, गिझर, मिक्सर, ओव्हन, एसी. मध्येच मला थांबावंसं वाटलं, पण काकू कौतुकानं ऐकत होत्या. "बरं हाय," म्हणाल्या. "घर भरलेलं हाय तुमचं."

घरी आले तर माझे यजमान पडदे ओढून झोपलेले. ते खोपोलीच्या एका कारखान्यात भट्टीवर असतात. रात्रपाळी असली की दिवसा झोपतात. एसी गारेगार लावलेला.

"अहो, सव्वीसवर ठेवत जा," मी म्हटलं.

त्यांनी चादरीतूनच उत्तर दिलं, "भट्टीसमोर उभी राहून ये एकदा. मग सांग."

मी आकडा वाढवला नाही, कमीही केला नाही. दार लोटून बाहेर आले.

मग पानं आली. ही सरांची कल्पना होती. शेजारपाजारच्यांपेक्षा ज्या घरात वीज कमी लागते त्या घराच्या चौकटीवर हिरव्या पानाचं स्टिकर. ज्यांना जास्त लागते त्यांना पिवळं. महिन्यामहिन्यानं बघायचं आणि बदलायचं. येता-जाता लोकांना दिसेल, शेजारी कुठे आहे आणि आपण कुठे आहोत ते कळेल, मग पिवळ्याला हिरवं व्हावंसं वाटेल. मलाही ते पटलं होतं. वर्गात मुलांना मी फळ्यावर चांदण्या काढून द्यायचे, तसंच हे.

काकूंच्या चौकटीवर मी हिरवं पान लावलं. त्यांनी ते बोटानं दाबून नीट बसवलं.

"ह्याचं काय भेटनार?"

"भेटणार काही नाही. कौतुक."

"बरं," काकू म्हणाल्या आणि तांदूळ निवडायला बसल्या.

पिवळ्या पानांची मला धास्ती होती. चार-पाच टेंपोंचा धंदा असलेल्या एका मालकांच्या घराला मी पिवळं लावलं तर ते उखडलेच. "आमी काय चोर हाव काय? बिल भरतो वेळच्या वेळी!" मी कशीबशी निसटले. पुढच्या वेळी गेले तर त्यांनी पानाभोवतीची चौकट पुसून चकचकीत केली होती आणि बाहेरगावच्या पाहुण्याला ते सांगत होते, "तीन एसी हायेत रं आपल्याकडं. पिवळंच येनार ना!" पाहुणे मान डोलवत होते.

त्याच गल्लीत एका हिरव्या पानाच्या घरातल्या सुनेनं मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "ताई, आमाला कदी भेटंल हो पिवळं?"

मी हसले. ती हसली नाही.

हे मी सरांना सांगितलं. ते म्हणाले, "इंटरेस्टिंग आहे." त्यांना खरंच तसं वाटत होतं. मी मात्र गावात नेमकं काय चिकटवून आले होते ते माझं मलाच उमगत नव्हतं.

थोड्या दिवसांनी काकूंचा फोन आला. आवाज तुटक.

"ताई, तुमचं पान काढून न्या."

"का हो? काय झालं?"

"पाव्हने येतायत रविवारी. आमच्या पोरीला, बायला बघायला. दारात ते पान बघून काय म्हनतील? ह्यांच्याकडं काय सुदिक नाय?"

मी स्कूटी काढली आणि पळसदरीच्या रस्त्यानं गेले. काकूंच्या घराच्या दारात पोचले आणि थबकले. भर दुपारी ट्यूबलाइट लावलेल्या. दोन्ही खोल्यांतले पंखे गरगरत होते. टीव्ही मोठ्यानं चालू होता, समोर कोणी नव्हतं. शेजारणीकडून आणलेला कूलर ओट्याकडे तोंड करून घरघरत होता. काकू घामाघूम होऊन मधोमध उभ्या होत्या, जणू कूलरची हवा आपल्यासाठी नाही तर दुसऱ्या कुणासाठी आहे.

"आता बघा मीटर," त्या म्हणाल्या. "आता पिवळं द्या."

"काकू, असं एका दिवसात नाही होत. महिन्याचं बघतात."

"मंग लिहा ना तुमी. तुमच्याच हातात हाय."

मी त्या खोलीत नजर फिरवली. सगळं चालू होतं. फक्त फ्रीज तसाच, वायर गुंडाळलेला.

"फ्रीज नाही लावला?" मी विचारलं.

"त्याला हात लावायचा नाय," काकू एवढ्या तोडून बोलल्या की मी पुढे काही विचारलं नाही.

मी ओट्यावर येऊन सरांना फोन केला. ते म्हणाले, "पान काढू नका, बदलूही नका, सगळी तुलना बिघडेल. पण त्या काय बोलल्या ते शब्दाला शब्द लिहून ठेवा." मी आत जाऊन काकूंना सांगितलं की मला काही करता येत नाही. त्यांनी एकेक बटण बंद केलं. घर शांत झाल्यावर म्हणाल्या, "बरं. मंग तुमी तरी या रविवारी. कोनी इचारलं तर तुमीच सांगा, तुमचं पान म्हंजे काय ते."

नाही म्हणायला मला तोंड नव्हतं.

रविवारी मी नीट साडी नेसून गेले. काका माथेरानहून उतरले होते, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून खांबाला टेकून उभे होते. मुलीनं साधा गुलाबी ड्रेस घातला होता. पाहुणे खोपोलीकडचे. मुलगा एका कंपनीत सुपरवायझर, त्याचे वडील कारखान्याच्या स्टोअरमधून निवृत्त झालेले, सोबत आई आणि मामा. चपला काढता काढता वडिलांची नजर चौकटीवर गेली.

"हे काय आहे?"

काकांनी काकूंकडे पाहिलं, काकूंनी माझ्याकडे. मी पुढे झाले. अभ्यास चाललाय, शेजाऱ्यांपेक्षा ज्या घरात वीज कमी लागते त्यांना हिरवं पान देतात, असं मी सांगितलं. सांगताना माझा आवाज शिकवणीतल्यासारखा झाला. काकू पदराचं टोक पिळत होत्या.

मुलाच्या वडिलांनी टाळी वाजवली.

"ऐकलंत?" ते आपल्या माणसांना म्हणाले. "हे असं घर पाहिजे! मी आयुष्यभर बोंबलतोय आमच्याकडे, कोणी ऐकत नाही. इथे बघा, सरकारनं पान दिलंय!"

"सरकारनं नाही—" मी म्हणायला गेले, पण ते आत शिरले होते. शिरताच त्यांनी ट्यूबलाइट बंद केली. "उजेड आहे की चांगला." खुर्चीवर बसले, परत उठले आणि पंख्याचंही बटण दाबलं. "वारा येतोय दारातून. कशाला उगीच?"

वारा येत नव्हता. पंख्याची पाती हळूहळू थांबली. मुलाची आई बरोबर त्याखाली बसली होती. त्यांनी वर पाहिलंही नाही. सवयीनं पदर घेतला, मानेवरचा घाम टिपला आणि हात मांडीवर ठेवला. थोड्या वेळानं पुन्हा टिपला. मुलगी शिऱ्याच्या बशा घेऊन आली तेव्हा तिनं ते पाहिलं. मी तिच्याकडे बघत होते म्हणून मला कळलं. ती बशी पुढे करून क्षणभर तशीच उभी राहिली.

"तू पण बंद करतेस ना दिवेबिवे?" वडिलांनी तिला विचारलं.

"हो," ती म्हणाली.

त्यांनी आणखी काही विचारलंच नाही. निघताना दारातच सांगून टाकलं की आमच्याकडून होकार समजा. माझा नंबर मागून घेतला, म्हणाले, असं पान आमच्याही दारावर लावा. ते गेल्यावर काकूंनी माझे दोन्ही हात धरले. "ताई, तुमच्या पानानं काम केलं गं बाई!" जे पान काढून न्या म्हणून त्यांनी मला बोलावलं होतं, त्याच्यावरून त्यांनी हात फिरवला. काका हसत होते. मीही हसले. स्कूटीवरून परत येताना मात्र ट्यूबलाइटखाली घामानं डबडबलेल्या काकू आणि बंद पंख्याखालच्या त्या बाई, दोघींचे चेहरे माझ्या डोळ्यांपुढे एकमेकांत मिसळत राहिले. झालं ते चांगलं झालं की वाईट, ते मला ठरवता येईना.

त्याच आठवड्यात पुन्हा फोन. "बाय नाय म्हनत्ये. तुमी या, समजवा तिला. तुमचं ऐकंल."

मी गेले तेव्हा मुलगी नुकतीच कंपनीच्या बसमधून उतरून आली होती. डोक्याला अजून कंपनीच्या टोपीचा वळ होता. काकू ओट्यावर, मी पायरीवर आणि ती दाराशी उभी.

"त्यांना मी नाय आवडले, ताई," ती म्हणाली. "त्यांना पान आवडलं."

"काय वंगाळ हाय त्यात?" काकू म्हणाल्या. "काटकसरीची हाय म्हनून मान देतायत."

"त्या बाई बघितल्यास तू? घाम पुसत बसल्या हुत्या. उठून पंखा लावला नाय. लावा बोलल्या पन नाय. मला तसं बसायचं नाय, आई."

"पंख्यावरनं कोन स्थळ मोडतं गं?"

"मी मोडते."

काकू माझ्याकडे वळल्या, "बघा! चार बुकं शिकली म्हनून. अगं, तुझ्या आईला काटकसरीचं पान भेटलं, ते बघूनच हो म्हनले ना ते?"

"काटकसर!" मुलगी आत गेली आणि फ्रीजवर तळहात मारून म्हणाली, "हा कुनी घेतला?"

"तू घेतलास."

"कुनासाठी घेतला? दिवाळीच्या बोनसमधून मी हा आनला कुनासाठी? तू पहाटे उठून दोन टायमाचं करतेस. रात्रीचं कालवन उन्हाळ्यात सकाळी आंबतं, ते तू खातेस आनि आमाला ताजं करतेस. म्हनून घेतला. तू बिलाच्या भीतीनं बंद ठेवलास. किती वेळा बोलले, लाव, बिल मी भरते."

"बिलाची भीती कोनाला हाय?" काकूंचा आवाज चिरकला. "तुझा हाय तो! तुझ्या कमाईचा हाय. तुझ्यासंगं सासरी जाईल. वापरला की जुना झाला. तुला जुना फ्रीज देऊ काय लग्नात? लोक काय म्हनतील?"

"मला तो द्यायचाच नव्हता सासरी!"

मुलगी आईकडे बघत होती, आई फ्रीजकडे. एका घरात राहून, रोज त्या फ्रीजच्या बाजूनं ये-जा करून दोघींना एकमेकींचं हे ठाऊक नव्हतं. आणि मी तिथे वीज वाचवणारं कुटुंब म्हणून पान लावून आले होते. उंदीर, काटकसर, बिलाची भीती, सगळी कारणं मी धरली होती. हे एक कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

"ताई, तुमी सांगा," काकू म्हणाल्या. "कोन बरोबर?"

दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. विजेच्या बाजूनं बोलायला संस्थेनं मला ठेवलं होतं. विजेची बाजू घ्यायची तर फ्रीज बंदच बरा. मुलीची घ्यायची तर चालू. आणि काकूंची घ्यायची तर तो उचलून कुठल्यातरी अनोळखी घरात नेऊन ठेवायचा. माझ्या तोंडून निघालं ते भलतंच.

"लावलात तर भिंतीला चिकटवू नका," मी म्हणाले. "मागे हवा खेळू द्या."

मुलगी खळखळून हसली. काकू हसल्या नाहीत. उठून आत गेल्या आणि मला त्या दिवशी चहा विचारला नाही.

स्थळ मोडलं. काकूंनी बरेच दिवस मला फोन केला नाही. मी फेरीला गेले तरी ओट्यावरूनच बोलायच्या, जेवढ्यास तेवढं. पण त्यांच्या घराची मोबाईलवरची रेघ एका सकाळी जमिनीवरून उठली आणि मग दिवसरात्र थोडी वर खाली होत चालत राहिली. फ्रीज लागला होता. साड्या कुठे ठेवल्या ते मी विचारलं नाही. पान तरी हिरवंच राहिलं. शेजारच्या एसींपुढे एका फ्रीजचा काय पाड?

सरांना मात्र ती रेघ फार महत्त्वाची वाटली. ते म्हणाले, हे बघा, कौतुक झालं की माणूस सैल होतो आणि जास्त वापरायला लागतो, असं आम्हाला वाटतच होतं. मी त्यांना सगळी हकिकत सांगितली, साड्यांपासून शिऱ्यापर्यंत. त्यांनी मनापासून ऐकलं. ऐकून झाल्यावर डोकं खाजवत म्हणाले, "पण मॅडम, हे मोजायचं कसं?" ते खोटं बोलणारे किंवा ऐकून न घेणारे नव्हते. शेवटच्या बैठकीत ती रेघ पडद्यावर दाखवली गेली आणि लोकांनी माना डोलवल्या. त्याच बैठकीत टेंपोवाल्या मालकांच्या घराची वीज कमी झाल्याचंही दाखवलं. ती का कमी झाली ते कोणी विचारलं नाही. त्यांच्या मुलाचं बिऱ्हाड पनवेलला गेलं होतं, हे मला माहीत होतं. मी हात वर करून ते सांगितलं. सरांनी ते लिहून घेतलं, पण त्यांचा चेहरा पडला.

काकू हळूहळू पूर्वीसारख्या बोलू लागल्या. भात कापून झाल्यावर त्यांनी मला तांदूळ दिले. मुलगी अजून त्याच कंपनीत आहे, आता पॅकिंगमधून तपासणीला गेली आहे. आणखी एक स्थळ आलं होतं, त्याचं काय झालं ते काकूंनी सांगितलं नाही आणि मी खोदून विचारलं नाही.

काम संपलं होतं तेव्हा एका अनोळखी नंबरवरून फोन आला. पलीकडची बाई दबक्या आवाजात बोलत होती.

"तुमी ते पान लावनाऱ्या ना? मी त्या दिवशी आले हुते बघा, मुलगी बघायला. खोपोलीची."

मला वाटलं, आता स्थळ मोडल्याबद्दल चार शब्द ऐकावे लागणार. पण त्या म्हणाल्या, "ते झालं ते झालं. मुलगी हुशार निघाली. तुमी एक काम करा, आमच्याकडं या. ह्यांना सांगा, पंखा लावला तर चालतो म्हनून. माझं ऐकत नाय. तुमचं ऐकतील, तुमी पानवाल्या."

मी गेले. का गेले ते सांगता येणार नाही. संस्थेचं काही नव्हतं, कोणी पाठवलंही नव्हतं. त्यांचं घर डोंगराच्या पायथ्याशी, एका जुन्या वसाहतीत. मुलाच्या वडिलांनी माझं उठून स्वागत केलं, खुर्ची पुसून दिली. घरात खरंच एकही दिवा लागलेला नव्हता, पंखा चालू नव्हता. बाई दारात उभ्या राहून माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

मी मास्तरणीच्या आवाजात सांगितलं, "छताच्या पंख्याला वीज फार थोडी लागते. माणूस खोलीत असताना पंखा लावणं म्हणजे नासाडी नव्हे." हे खरंच होतं. फक्त अख्ख्या कामात हे वाक्य मी कुणालाच कधी सांगितलं नव्हतं.

"असं?" ते म्हणाले. "अभ्यासात तसं निघालंय?"

मी घुटमळले. "अभ्यासात नाही. साधा हिशेब आहे."

ते ताबडतोब उठले आणि पंखा लावला. पात्यांवरची धूळ खाली आली. बाईंनी डोळे मिटून घेतले, धुळीनं की वाऱ्यानं ते कळलं नाही. तो माणूस मात्र खोलीच्या मधोमध उभाच राहिला. लहानपणी आमच्याकडे एक चिमणी होती, तेल संपलं की अंधार, असं काहीतरी ते सांगू लागले आणि मध्येच थांबले. बोर्डाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांच्या चेहऱ्यावर राग अजिबात नव्हता. वर्गात प्रश्न न समजलेल्या मुलासारखे ते दिसत होते.

"मग मॅडम," त्यांनी विचारलं, "मी बंद काय करू?"

बाईंनी डोळे उघडले. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. मग त्या म्हणाल्या, "बसा आधी, चहा टाकते," आणि आत गेल्या. आम्ही दोघं वाऱ्याखाली चहाची वाट बघत बसलो.